बटन, नाव नाही

कट्ट्यावर म्हशी आल्या, चरवीत धार वाजली,
म्हणजे दिवस कलला.
मी अंगठा काचेवर ठेवते.

होम. टॅब. चारपैकी एक.
शोधा. टॅब. चारपैकी दोन.

फोनमधली बाई इतकं भरभर बोलते
की दस्तगीर विचारतो,
आक्का, मव्हाचं पोळं उठल्यागत वाटतंय,
ह्यातलं काय कळतंय तुम्हास्नी?

कळतं.
बत्तीस वर्षं मार्केट यार्डातल्या बँकेत
टेलिफोनच्या बोर्डावर बसले.
एका कानात गुळाचा भाव, दुसऱ्यात अडत्याच्या शिव्या,
साहेब मीटिंगमध्ये आहेत, धरून ठेवा.
कुणाला कुणाशी जोडायचं, बोटांना पाठ.
आता माझी मीच जोडून घेते:
फिरवायचं, थांबायचं, दोनदा टेकवायचं.

बाईला मराठी येतं, राग येत नाहीत.
इंग्रजी अक्षरांवरून वाचते बिचारी.
गौड सारंगाचा गॉड सारंग करते,
भर दुपारी एका रागाचा देव होतो.
खट म्हणायचं तर म्हणते खत.
म्हटलं, घाल उसाला.

आणि मारव्याला म्हणते, मरवा.

पहिल्यांदा हसले.
मग हसता हसता राहिले.
आईच्या गजऱ्यात अबोलीमधे मरवा खोवलेला असायचा.
अबोलीला वास नाही,
म्हणजे माझ्यापुरता गजरा सगळा मरव्याचाच.
त्या संध्याकाळी कोमल रिषभ लागला
आणि मानेजवळच्या ओल्या केसांचा वास आला,
स्वरातून आला की उच्चारातून, सांगता येत नाही.
उच्चार दुरुस्त करायची सोय आहे म्हणे.
मी केली नाही.

वैताग एकच.
बुवा षड्ज टाळतायत, टाळतायत,
दारापर्यंत येऊन माघारी फिरतायत,
आता टेकणार, आत्ता,
आणि ही:
बॅटरी वीस टक्के.

खोटं कशाला बोलू,
एकदा नेमकी समेवर आली होती.

दस्तगीर तालमीतनं सुटला की येतो,
अंगाला तांबड्या मातीचा, ताकाचा, हळदीचा वास.
म्हटलं, घे, ह्यातलं एक बोंडुक तुझ्या कानात घाल.
बसेना.
त्यानं माझं बोट धरून कानाशी नेलं.
वळणं बुजलेली, पाळीत नुसत्या गाठी,
वाळल्या आल्याच्या कुडीसारखा कान.
मातीत घासून घासून, आक्का. पैलवानाची सही हाय ही.

मग फोन तांब्यात उभा केला.
खोली भरली.
बुवा भरले, तंबोरा भरला,
आणि बाईही तांब्यातून घुमायला लागली:
बटन. नाव नाही.

हो, ते सांगायचं राहिलं.
ॲप नवं झालं गेल्या महिन्यात,
कुणीतरी कुठंतरी नावं घालायला विसरलं.
बटन. नाव नाही. बटन. नाव नाही.
आमच्या बोर्डावर असं झालं असतं
तर अख्खा यार्ड मुका पडला असता.
पण दाबून धरलं की आपण नाव देऊ शकतो.
मी देत गेले.
पुढच्याला, सरक.
मागच्याला, परत म्हणा बुवा.
एक मात्र दाबून काहीच व्हायचं नाही,
आवाज वाढेना, गाणं बदलेना.
दस्तगीरनं बघितलं.
बदाम हाय, आक्का. दाबलं की भरतंय,
परत दाबलं की रिकामं.
एवढंच?
एवढंच.
त्याला नाव सुचलं नाही. तसंच ठेवलं.

काल पुन्हा अपडेट आलं.
सरक गेलं, परत म्हणा बुवा गेलं,
आता सगळीच त्या बदामासारखी.
दस्तगीर चिडला, कंपनीला फोन लावतो म्हणाला.
लाव म्हटलं. धरून ठेव म्हणतील.

बाहेर म्हशी परत निघाल्या,
शेपट्या दाराला घासत.
मी पहिल्या बटनावर बोट दाबून धरलं.
नाव लिहा, बाई म्हणाली.
लिहिते गं. आधी लाव.

मरवा, ती म्हणाली,
आणि लागला.